अभिप्रायासाठी दीड इंच जागा

ठमके हवालदारानं मोटरसायकल बंदही केली नाही.
खिशातून घडी काढली, म्हणाला,
"मंगळवारपर्यंत द्या, पाटीलबाई.
अमरावतीच्या जेलातून आलंय."
गोल शिक्का, जावक क्रमांक,
आणि नाव: तुळशीदास किसन नखाते.
शिक्षा तीन. तिन्ही चोरीच्या,
तिसरीत दुखापतही.

सदर बंद्यास मुदतपूर्व सोडल्यास
गावाच्या शांततेस बाधा येईल काय?

खाली दीड इंच जागा.

पहिल्यांदा त्यानं नुसता स्टार्टर नेला.
दुसऱ्यांदा पाचची मोटर
एकट्यानं नाल्यापर्यंत ओढली, फोडली,
तांबं तेवढं काढून घेतलं.
लोखंड तिथंच,
सीताफळ खाऊन टरफल टाकावं तसं.
ज्या भंगारवाल्यानं ते तांबं तोललं
त्याच्याबद्दल कुणी कधी अभिप्राय मागितला नाही.

तेव्हाही असाच कागद आला होता.
मी पोलीस पाटील होऊन वर्ष झालं नव्हतं,
अक्षर ठळक होतं माझं.
लिहिलं, हरकत नाही.
आणि तो आला त्या संध्याकाळी
गोठ्याला कुलूप लावलं.

कुलूप सगळ्यांनीच लावलं.
डवऱ्यावर त्याला कुणी बोलावलं नाही,
फवारणीला नाही,
पोळ्याच्या दिवशी
बैलाला हात लावू दिला नाही.
एक्केचाळीस दिवस तो एसटीच्या थांब्यावर बसला,
एकाही गाडीत चढला नाही.
बेचाळिसाव्या रात्री
डोमाजी कुमरेच्या तोंडावर पान्हा बसला.
डावा डोळा गेला.

हे दोन्ही खरं आहे
आणि एकानं दुसरं धुतलं जात नाही.
मी घासून पाहिलंय.

पर्वताबाई उजाडतानाच ओसरीवर येऊन बसली.
"लिहून दे माय, आता नाई करत थो."
तुला कसं माहीत, मी विचारलं.
माझ्याच सुपातल्या तुरीच्या शेंगा
ती बराच वेळ सोलत राहिली.
"माहीत नाई," म्हणाली.
"पण मी म्हातारी झाली."

सरपंच म्हणाले, कायमचाच ठेवा म्हणावं आत,
क्यामेऱ्यांचा खर्च वाचंल.
गुरुजी म्हणाले, माणूस बदलतो.
गुरुजी राहतात आर्णीला.

डोमाजी अंगणात दोर वळत होता.
"वाचून दाखवा जी."
वाचला.
"किती आधी सोडून राह्यले?"
नऊ महिने.
"नऊ महिन्यात डोळा येत असंन, तं ठेवा."
मी उठले. फाटकापाशी आले
तर मागून म्हणाला,
"आन येत नसंन, तरी ठेवा."
मग दोराशीच बोलल्यासारखं:
"मी झोपलो नोतो.
नावानं हाक मारली होती त्याले."

आज सोमवार.
गाव लिहिलं, तालुका लिहिला, तारीख टाकली.
हरकत आहे, असं लिहिलं
तरी नऊ महिन्यांनी तो येणारच,
याच रस्त्यानं, याच कुलपांपाशी.
तेव्हा कुणी कागद पाठवत नाही.
हरकत नाही, असं लिहिलं
तर परवा रस्त्यात डोमाजी दिसेल,
आणि मी त्याच्या कोणत्या बाजूनं जाऊ?

साडेबाराला शेताची लाइन आली.
नाल्यापलीकडे कुणाची तरी मोटर
घुरघुरायला लागली.
म्हणजे तांबं जागेवर आहे.
दुसरी सुरू झाली.
मग सोनट्टक्यांची, ती खोकतच सुरू होते.
आमची अजून नाही.

तुळश्या अमरावतीत आहे,
दगडी भिंतीच्या आत, मोजून घेतलेला,
हे मला माहीत आहे.
तरी बॅटरी घेतली, अंधारात चपला शोधल्या.
पेन कागदावर आडवा ठेवला,
उडू नये म्हणून.