कलम पाच

पुण्याहून आलेला नमुना चांगला होता.
सोळा कलमं, प्रत्येकाच्या शेवटी ‘वे’ नाहीतर ‘वी’:
भंगार तपासावे. हेल्मेट घालावे.
योग्य ती काळजी घ्यावी.
मला फक्त कंपनीचं नाव बदलायचं होतं
आणि तारीख.

शिरोलीत, दुसऱ्या पाळीचा भोंगा झाल्यावर
मी तो कागद घेऊन भट्टीवर गेले.
बाबालाल नदाफ फळीवर बसून
डब्यातली शेवटची भाकरी दुमडत होते.
वाचून दाखवलं.
म्हणाले, “तपासावे. बरं. कुणी?”

ज्याचं काम आहे त्यानं, मी म्हटलं.
“मग त्यो कुठाय ह्यात?
हे ‘वे वे’ म्हंजे शेजारच्या घरातनं आलेला आवाज.
ऐकू येतंय सगळं,
पण आपल्याला म्हणत न्हाईत, एवढं कळतंय.”

मग ढिगातनं त्यांनी एक शॉकॲब्सॉर्बर उचलला,
पुरात बुडालेल्या कुठल्यातरी गॅरेजातला,
खाचांत अजून पंचगंगेचा गाळ,
आणि कानाशी नेऊन हलवला.
“देवळासमोर नारळ घेताना करतीस का न्हाई, तसं.
फरक एवढाच,
तिथं पाणी वाजलं तर घ्यायचा,
हितं वाजलं तर बाजूला.”

लिहून घेतलं. कलम चार.
नारळ हा शब्द खोडला, परत लिहिला.
चौदाशे अंशांच्या रसात पेलाभर पाणी कसं वागतं
हे नमुन्यात होतं, एका ओळीत:
‘अचानक प्रसरण’.
प्रसरण म्हणजे मला शाळेतला पितळी गोळा आठवतो,
तापवला की कडीतून जायचा नाही,
आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

उठता उठता विचारलं,
आणि नाहीच वाजलं तर?

त्यांनी डबा बंद केला. उघडला. पुन्हा बंद केला.
“इराप्पा हलवायचा,” म्हणाले. “रोज. मीच शिकवलेलं.
त्या दिवशी पण हलवला.
आत गाळ बसलेला गच्च. वाजणार कुठनं?”

भट्टीच्या वर, छताला एक नवा पत्रा आहे,
बाकीच्यांपेक्षा पांढरा.
तीन महिने मी समजत होते
तिथे गळत असेल.

कलम पाच रात्री लिहिलं, उचगावला, ओट्यावर कागद ठेवून.
‘वे’ लिहायला गेला हात, आवरला.

दोन्ही बाजूंनी बंद असलेलं काहीही भट्टीत नाही.
वाजो न वाजो.
हातात घे. तोंड शोध.
तोंड सापडलं नाही, तर परत पाठव.
पाळी थांबली तर थांबू दे.
कुणी विचारलं, तर माझं नाव सांग.

आणि खाली नाव: विशाखा सनदे.

चौगुले साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
“घे, शोध, पाठव? कामगाराला अरेतुरे?
आणि कलमाखाली कुणी सही करतं का?”
सहीसाठी शेवटी तीन चौकोन होतेच:
तयार करणार, तपासणार, मंजूर करणार.
मी तिन्ही पुन्हा वाचले.
भट्टीपाशी उभा राहणारा
त्यात कुठे बसत नव्हता.

तडजोड झाली.
फायलीत ‘वे’ आहे.
भट्टीच्या खांबावर माझं आहे.

तिथल्या झळीनं कागद पंधरा दिवसांत
पापडासारखा होतो, कडेनं उचलतो.
गडहिंग्लजचा नवा पोरगा त्याच्यासमोर उभा राहून
बोट न लावता, ओठ हलवत वाचतो,
मग ढिगाकडे वळतो. काल त्यानं सात नग परत पाठवले.
त्यातले सहा उघडेच होते.
कुणी हसलं नाही.

बाबालालकाका खांबाजवळून जाताना
दर खेपेला एकच म्हणतात,
अक्षर बारीक झालंय.
मी दर खेपेला
नवा कागद लावताना आकार वाढवते.

एक एक कलम खाली सरकत गेलं, मग पानाबाहेर.
आता त्या खांबावर
फक्त पाचवं मावतं.