गाळलेली जागा

दत्तवाडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
सोम-बुध-शुक्र, साडेसात ते साडेआठ.
खाली गहू दळले जातात, वर इंग्रजी.
दोन्हीची भुकटी फळ्यावर बसते.

मी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली
दुसऱ्यांची बोलणी जोडून देत.
आता हे करते.

आज फळ्यावर लिहिलं:
आय वुड लाइक टू डॅश डॅश,
बिकॉज डॅश डॅश.
म्हटलं, आधी इच्छा. मग कारण.

वर्गात चुळबुळ.
गुंजाळ, खराडीत रात्रपाळीचे वॉचमन, म्हणाले,
आपल्यात उलटं असतंय ना बाई.
आधी कारण सांगायचं,
पोरगी आजारी आहे, गावाकडनं माणसं आलीत,
म्हणून म्हटलं जरा...
आणि पुढचं समोरच्यानं ओळखायचं.

खरं होतं ते.
मी पावशेर चिवडासुद्धा
भूतकाळात मागते: चिवडा हवा होता.
जणू मागे कधीतरी हवा होता,
आता तसा काही आग्रह नाही,
तुम्ही गिऱ्हाइकांना कंटाळला असाल तर राहू द्या.

प्रज्वल, पार्सलं पोचवणारा, झटक्यात उठला:
आय वुड लाइक टू गो कॅनडा, बिकॉज माय फ्रेंड गॉन.
कॅनडाच्या आधी आणखी एक टू, मी म्हटलं.
दोनदा?
हो, लांब आहे.

गुंजाळ: आय वुड लाइक टू स्लीप, बिकॉज नाइट.
वर्ग हसला. सगळ्यांच्या आधी तेच हसले.

शकिला बागवान ओढणी सावरत:
आय वुड लाइक टू मीट टीचर,
बिकॉज माय सन नॉट टेलिंग मी एनिथिंग.
बोलली आणि घाईनं खाली बसली,
जणू मागून कोणी हॉर्न दिला.

शेवंताबाई ढावरे अजून लिहीत होत्या.
कोथरूडला चार घरच्या पोळ्या.
वही पाहिली तर पान भरलेलं, मराठीत:
कारण गुडघा. कारण सहा वर्षं झाली.
कारण चाळीस पोळ्या, पाहुणे असले की साठ.
कारण डॉक्टर म्हणाले. कारण मी कधी खाडा केला नाही.
आणि वर, इच्छेच्या जागी, पेनानं गिरवलेल्या
नुसत्या दोन रेघा.

शेवंताबाई, पहिली जागा राहिली.
म्हणाल्या, काय लिहायचं ते ठाऊक आहे हो.
पण लिहिलं की मागितल्यासारखं होतं.

खाली गिरणीचा पट्टा थांबला.
गिरणी चालू असताना तिचा आवाज येत नाही,
थांबली की येतो.

आय वुड लाइक टू,
त्या उभ्या राहिल्या, गुडघ्यावर हात देत,
टू सिट.
वहीकडे बघितलं. वही मिटली.
बिकॉज... बिकॉज चेअर इज देअर.

मग मराठीत, माझ्याकडे न बघता:
ओट्याशेजारीच आहे. तिच्यावर रद्दी बसते.

कोणी हसलं नाही.
मी शिक्षिका आहे, माझ्या हातात खडू होता,
काहीतरी करायला हवंच होतं.
द चेअर, मी म्हटलं.
कुठलीही नाही, माहितीतली खुर्ची आहे ना?
मग द.
माहितीतली, त्या म्हणाल्या. चांगलीच.
आणि वहीत एक द लिहिला,
एवढा मोठा, की दोन ओळींत मावेना.

शुक्रवारी आल्या. काही बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.

परतताना दांडेकर पुलाजवळच्या बेकरीत थांबले.
मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: खारी द्या, पाव किलो.
इच्छा आधी, कारण लागलंच तर नंतर.
तोंडातून निघालं, खारी हवी होती.
दुकानदारानं काट्यावरून मान वर केली नाही.
होती, की आहे?

मी पर्स उघडी धरून उभी.