उतारा

मीटिंग संपली की यंत्र आपोआप उतारा पाठवतं हल्ली.
कोण बोललं, कितव्या मिनिटाला, किती वेळ.
हडर्सफील्डला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
सगळे गेल्यावर मी तो उघडला
खर्चाचा एक आकडा तपासायला, एवढंच.

हेमांगी हे नाव त्याला झेपत नाही.
ते लिहितं, हिम अँजी.
पानामागून पान हिम अँजी, हिम अँजी,
खाली सगळं झाकून जाईल इतकी.

साठ मिनिटांतली एकेचाळीस माझी.
सातबारा वाचावा तसा वाचत गेले.
एवढी जमीन माझ्या नावावर कधी झाली?
बाकीचे बांधावर उभे.
फरझाना सहा मिनिटं.
मॉरीन, जी या पाणीखात्यात तीस वर्षं आहे, तीन.
आणि कीथ.

मिनिट तेवीस. कीथ: मला वाटतं, तो व्हॉल्व्ह...
हिम अँजी: हो हो, ते आलंच त्यात, पुढे जाऊ.
मिनिट सदतीस. कीथ: फक्त एक...
हिम अँजी: अगदी बरोबर!
काय बरोबर?
मिनिट बावन्न. मीच, मोठ्या मनानं:
कीथ, तुला काही म्हणायचं होतं ना?
कीथ: नाही. ठीक आहे.

इथल्या 'ठीक आहे'त काहीच ठीक नसतं,
हे आठ वर्षांत कळायला हवं होतं.

तासगावला आमच्या घरी सात माणसं एकदम बोलायची.
पंगतीत जरा हात आखडला की वाढपी पुढे, तसं.
एकाचं वाक्य दुसऱ्यानं उचलून पुरं करायचं,
यालाच आम्ही माया म्हणायचो.
गप्प बसलेल्याच्या कपाळाला हात लावून विचारायचे,
ताप आहे का?
तीच माया मी इथे आणली, आहे तश्शी,
आणि आठ वर्षं
लोकांच्या तोंडचा घास काढत राहिले.

आधी राग आला. यंत्राचा.
मग कीथचा. माणसानं बोलावं की जरा मोठ्यानं!
मग बसच्या काचेत
माझे ओठ हलताना दिसले.
मी उद्याची माफी घोकत होते
आणि कीथची उत्तरंही
मीच देत होते.

माफी मागितली नाही.
सकाळी पँट्रीत तो एकटा होता.
म्हटलं, "कीथ, तो व्हॉल्व्ह..."
आणि वाक्य तिथेच ठेवलं, अर्धं.
किटली उकळली. बंद पडली.
त्यानं टी-बॅग चमच्यावर दाबली, एकदा, दोनदा,
चमचा पुसला, जागेवर ठेवला.
जीभ दाताखाली धरणं म्हणजे काय
ते मला तेव्हा कळलं, खरोखरच्या दातांनी.
मग म्हणाला,
"नकाशात तो रस्त्याच्या डावीकडे आहे.
शहाऐंशी साली माझ्या बापानं उजवीकडे बसवला."

सोमवारी आम्ही डावीकडे खणणार होतो.

"अरे, मग हे तू आधी का नाही..."
म्हणाले मी, आणि मलाच ऐकू आले.
उरलेलं चहाबरोबर गिळलं.

रात्री जेवताना नवरा बघत राहिला.
ताप आहे का तुला?

पुढच्या मंगळवारचा उतारा आला.
अडतीस मिनिटं माझी.
तीनच कमी. आणि नाव अजून तेच, हिम अँजी.
पण एका जागी
चौदा मिनिटं सहा सेकंदांनंतर
एकदम चौदा मिनिटं पंधरा.
मध्ये ओळच नाही.
शांतता यंत्राला लिहिता येत नाही.
ते नऊ सेकंद कुणाच्याच नावावर नाहीत,
गायरानासारखे.

पंधराव्या सेकंदाला, मॉरीन.