रंग कालवायचा नाही

बावीस वर्षं भिंती रंगवतोय मी.
माझ्या धंद्यात ठिपका म्हणजे तक्रार;
गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी फडकं घेऊन धावतो.
आणि आज, रविवारी, भर ओहोटीला,
धक्क्यामागच्या गवतावर जुनी चादर अंथरून,
चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवून
माझ्याच पोरांना सांगतोय :
ठिपके द्या. नुसते ठिपके.
पुसायचं नाही, फासायचं नाही,
रंग कालवायचा नाही.

'मग हिरवा कुठून आणायचा?'
नोल्वेन नऊ वर्षांची. तिला प्रत्येक गोष्टीची पावती लागते.
निळ्याशेजारी पिवळा ठेव, म्हणालो.
'आणि?'
आणि काही नाही. ठेव आणि पुढे सरक.

सामान घरचंच.
डब्यांच्या तळाशी उरलेले रंग :
दवाखान्याचा निळा,
कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा पिवळा,
होडीच्या बुडाला लावतात तो शेंदरी.
पेन्सिलीमागचे रबर, बाटल्यांची बुचं,
आणि मालोची करंगळी,
जी त्याने कुणालाही न विचारता बुडवली.

समोर दुआर्नेनेचं बंदर चिखलात बसलेलं,
होड्या कुशीवर कलंडलेल्या,
जेवण अंगावर आलेल्या माणसांसारख्या.
'चिखलाचा रंग कुठला?'
तपकिरी, म्हणणार होतो मी. जिभेवर आलंच होतं.
पण मालो आधीच ओणवा झाला होता,
पाच वर्षांच्या माणसाला येतं तितकं वाकून :
'जांभळा आहे. इथे थोडा गुलाबी. इथे आकाश सांडलंय.'
गप्प बसलो.
बावीस वर्षांत चिखलाला मी एकदाही
त्याचा रंग विचारला नव्हता.

तासाभराने नोल्वेन वैतागली.
तीनशे चाळीस ठिपके, तिने मोजले होते,
आणि कशाचाच पत्ता नाही.
'चादरीला गोवर आलाय,' म्हणाली.
मालोने दोनदा लबाडी केली, बोट फरफटवून.
त्यांची आई असती तर एव्हाना खाऊचा डबा उघडला असता;
ती आयर्लंडच्या खाली कुठेतरी,
मासेमारीच्या बोटीत, इंजिनाशी झटापट करत.
एक कुरव पक्षी उष्टं शोधत आला,
पिवळ्यात पाय देऊन तिरका चालत गेला.
कुणीच पुसलं नाही.

मग तिकडून, कठड्यावरून, म्हातारा गुल्वेन ओरडला.
जाळी विणतो तो, बोटांनी बघून.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुरुवारी ऑपरेशन.
'ओहोटी बरी पकडलीत रे!
पाणी मात्र डावीकडून जरा लवकर परत येतंय.'
आम्ही चादरीकडे बघितलं. एकमेकांकडे बघितलं.
नोल्वेन धावली,
त्याच्या गुडघ्याशी उभी राहिली, डोळे बारीक केले.
बराच वेळ काही बोलली नाही.
'बाबा, इकडे ये. तिथून काही दिसत नाही.'

उलटा चालत गेलो, पावलं मोजत.
विसाव्या पावलाला गोवरच होता.
अठ्ठाविसाव्याला
दवाखाना आणि स्वयंपाकघर
एकमेकांना न शिवता
शेवाळ झाले.

मालोने गुल्वेनला विचारलं,
'डोळे नीट झाले की तुला पण नुसते ठिपके दिसणार?'
म्हाताऱ्याने सुतळीची गाठ आवळली.
'शक्य आहे,' म्हणाला. 'मग आणखी मागे जाईन.'

पाणी खरंच डावीकडून आलं.
चादर गुंडाळताना मालोने थांबवलं,
अगदी वरच्या काठाला, जिथे काहीच नव्हतं,
एक शेंदरी ठिपका दिला.
'ही आई.'
ही कशी काय आई?
'अजून लांब आहे ना.'

सोमवारी दवाखान्याची ओसरी. पांढरा, दोन हात.
हीटरच्या मागे, जिथे कुणी वाकत नाही,
एक शेंदरी ठिपका राहिलाय.
फडकं खिशात होतं.