खंडनीय

पणजीच्या कोर्टात मी दुभाषी.
निकालपत्रात एक शब्द अडला: डिफीझिबल.
बुधाजी चोडणकरांचा शेतावरचा हक्क, म्हणे, तसा.
कोशात मिळालं: खंडनीय.
लिहिलं, वाचून दाखवलं.

"म्हणजे नाहीच?"
"आहे. कुणी खोडून काढेपर्यंत आहे."
"आणि कुणी आलंच नाही तर?"
"तर आहेच."

म्हातारा हसला, बोळकं दिसेपर्यंत.
"अरे, हा तर आमचा खाजणाचा बांध!
सत्तर वर्षं भरती अडवतो,
आणि एका रात्रीत कुर्ली बीळ पाडते."

रायबंदरच्या धक्क्यावर
फेरीची वाट बघत
नखांतला चिखल तो काडीनं उकरत बसला.
पहाटे बांधावर गेला होता,
तारखेच्या दिवशीसुद्धा.

मसुद्यात शब्द तसाच ठेवला मी.
फक्त समासात, पेन्सिलीनं:
कुर्ली.