बारा वर्षांचा हिशेब

अजमानच्या त्या शेडमध्ये शेवटून दुसऱ्या पिंजऱ्यात हस्की.
एसीच्या झोताखाली आडवा, एक डोळा निळा, एक तपकिरी.
प्रागला कायमचं परतलेलं कुणीतरी
पट्टा, वाडगा आणि बर्फातला एक फोटो
त्याच्यासकट ठेवून गेलं.
ओवीनं जाळीत बोट घातलं
तर त्यानं सूरच लावला,
लांब, रडका, सनईवाला आधी फुंकर मारून बघतो तसा.

पलीकडे सलूकी.
बरगड्या मोजाव्यात इतकी सडसडीत,
हायवेच्या कडेला सापडलेली, मागच्या पायावर जुना व्रण.
ती उठली नाही.
आमच्या खांद्यांवरून मागे कुठेतरी बघत राहिली,
घर तिचं आणि आम्ही
न कळवता आलेले पाहुणे.

"याला अठरावर ठेवावं लागेल," वैदेही म्हणाली.
"चोवीसवर मलाही झोप येत नाही, माझं काय?"
ती हसली नाही.

आपला व्हिसा दोन वर्षांचा,
कुत्रं जगतं बारा.
"मग अकोल्याला आपल्यासोबत कोण येईल?" ओवी.
मला आमच्या गल्लीतला मे आठवला,
शेहेचाळीस, आणि टाकीखालच्या ओल्या मातीत
जीभ काढून पडलेला चंप्या.

फॉर्मवर मी सलूकी लिहिलं. सही केली.
सलूकीनं तेव्हाही पाहिलं नाही.
पार्किंगकडे वळलो तोच मागून पुन्हा तो सूर.
वैदेही थांबली.
"वीजबिल नक्की कितीनं वाढेल?" तिनं विचारलं,
आकडा तिनंच सकाळी काढलेला असताना.