काढता पाय

वजनकाट्यावर आई चढली
तेव्हा काट्यानं आकडा दिलाच नाही,
नुसती एक आडवी रेघ.
नर्स म्हणाली, आणि हळू नाही म्हणाली,
"मागे लाँड्रीत जा. तिथं मोठा काटा आहे,
चादरींची गाठोडी तोलायचा."

माझी आई, लोसालिने.
टोंगात, आमच्या बेटावर, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची.
रविवारी तिच्या कमरेला चटई गुंडाळायला दोघी लागत
आणि त्या दोघी भांडत, आज पुढून कोण धरणार.

ऑकलंडला आलो.
इथं खुर्च्यांना हात असतात.
बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेतल्या पालकसभेत
आई उभी राहायला शिकली.
"बसून बसून कंटाळले गं," म्हणायची,
उभ्या उभ्या.

त्या दिवशी ती लाँड्रीत गेली.
ओल्या चादरींच्या वासात चपला काढल्या.
आकडा कुणीतरी मोठ्यानं वाचला,
दुसऱ्या कुणीतरी लिहून घेतला.
तेव्हापासून डॉक्टरचं नाव निघालं
की आई काढता पाय घेई.

घसा बसला होता तेव्हा ते म्हणाले, वजन.
कान ठणकला तेव्हाही, वजन.
खोटं नव्हतं ते.
रक्तात साखर होती,
रात्री श्वास अडकून ती दचकून उठायची,
जिन्याच्या चौथ्या पायरीवर गुडघ्यांची समजूत काढायची.
पण रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला पुरेना,
दोनदा फट्कन सुटला,
म्हणून दाब कुणी लिहिलाच नाही.
आणि मेंढीच्या पोटाचं ते चरबट मांस,
जे इथले लोक स्वतः खात नाहीत
आणि जहाजं भरभरून आमच्या बेटांवर धाडतात,
त्याबद्दल कागदावर रकाना नव्हता.

एप्रिलमध्ये बूट चावला. करंगळीला.
आईनं दुखणं अंगावर काढलं.
अकरा आठवडे.
अंग मोठं, मावलं त्यावर.
मोजे घालून झोपायची. विचारलं तर
"गारठा किती आहे बघ."

वास मला आला तो प्रार्थनेत,
गळ्यातल्या फुलांमधून.

सर्जन तरुण होता, वाईट नव्हता.
"इतके दिवस का थांबलात?"
आई छताकडे बघत राहिली.
मी म्हणाले, चादरींचा काटा.
त्याला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे.

करंगळी गेली. शेजारचं बोट गेलं.
मग घोट्याच्या वर, चार बोटं.

शुद्धीवर आली तेव्हा आई म्हणाली,
"विचार त्यांना, आता किती भरते."
मी हसले नाही. ती हसली,
सगळा पलंग हलला.

रात्रपाळीला सेमिसी नावाचा ब्रदर होता, वावाऊ बेटाकडचा.
त्यानं कपाटाच्या तळातून रुंद पट्टा काढला,
प्लास्टिकसुद्धा न फोडलेला.
दंडाला बांधला. पुरला, वर वीतभर उरला.
पारा उतरेपर्यंत तो गप्प राहिला,
मग वाकून
आकडा त्यानं आईच्या कानात सांगितला.
मला नाही.